साधन आणि स्वावलंबन



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर इतिहास, राजकारण, अर्थकारण, साहित्य असे भारदस्त विषय नेहमी येतात. आजचा माझा विषय त्या मानाने लहान वाटेल. ज्या मुलांना दिसत नाही किंवा कमी दिसते, ज्यांना ऐकू येत नाही, ज्यांचे हातपाय हवे तसे चालत नाहीत किंवा ज्यांना अक्षरांची ओळख पटता पटत नाही, अशा मुलांसाठी आज अनेक साहाय्यक साधने निघाली आहेत. शाळेत जाणाऱ्या त्या मुलांना या साधनांची कितपत माहिती असते आणि ती साधने ती कितपत वापरतात, एवढाच हा प्रश्न. परंतु या लहान प्रश्नाच्या पोटात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. दुसऱ्याला मदत करताना आपण त्याला त्याच्या पायांवर उभे करतो, की आपल्या खांद्यावर टेकवून ठेवतो, हा तो प्रश्न होय. आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी केवळ विशेष शाळांवर नाही, ती तुमच्याआमच्यावर आहे.

साहाय्यक साधन हे नाव नवे असले तरी वस्तू जुनी आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या नाकावर ती या क्षणी बसलेली आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत चष्मा निघाला आणि पुढे तो जगभर गेला. आपल्या भाषेने तर त्याला ‘चाळिशी’ असे घरगुती नाव देऊन टाकले. माणसाची चाळिशी उलटली की त्याला हे साधन लागणारच, हे भाषेने गृहीत धरले आणि त्यात कमीपणाचे काही ठेवले नाही. चाळिशी लावून वर्तमानपत्र वाचणाऱ्या गृहस्थाला कोणी अपंग म्हणत नाही, आणि ‘हे खरे वाचन नव्हे, ही काचेची लबाडी आहे’ असा आक्षेपही कोणी घेत नाही. मात्र शाळेतल्या चष्मेवाल्या मुलाला ‘ढापण्या’ म्हणून चिडवण्याचा काळ फार मागे पडलेला नाही. त्या चिडवण्याच्या धाकाने चष्मा दप्तरात लपवून फळ्यावरची आकडेमोड चुकीची उतरवून घेणारी मुले प्रत्येक पिढीत होऊन गेली आहेत. साधन जवळ असणे ही एक गोष्ट आणि ते चारचौघांत निःसंकोचपणे वापरता येणे ही दुसरी गोष्ट, हे चष्म्याच्या या उदाहरणावरूनच ध्यानात येईल.

या प्रश्नाचा आवाका केवढा आहे, हेही पाहिले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २०२२ साली साहाय्यक साधनांविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. जगातील अडीचशे कोटींहून अधिक माणसांना असे किमान एक साधन लागते आणि त्यांपैकी सुमारे शंभर कोटींना ते मिळत नाही, असे त्यात सांगितले आहे. आपल्या देशात २०११ च्या जनगणनेत २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. महाराष्ट्रात ती संख्या २९ लाखांवर होती. तेव्हा हा विषय चार-दोन घरांपुरता आहे असे कोणी समजू नये.

हे आकडे ऐकल्यावर सहजच मनात येते की, साधनांचा पुरवठा वाढवला म्हणजे झाले. पुरवठा वाढलाच पाहिजे, याविषयी वाद नाही. परंतु साधन आणि विद्यार्थी यांची गाठ पडायला तीन उंबरे ओलांडावे लागतात. त्यांतला पहिला कळण्याचा, दुसरा मिळण्याचा आणि तिसरा वळण्याचा. ‘कळते पण वळत नाही’ असे आपण म्हणतो; तिथे तर पुष्कळदा कळलेलेही नसते. दुकानात चष्मा मिळतो हे सर्वांना ठाऊक असते, पण गणकयंत्र पडद्यावरचा मजकूर मराठीत वाचून दाखवू शकते, हे ज्याला सर्वांत अधिक ठाऊक असायला हवे त्या मुलाला कोणी सांगितलेलेच नसते. आपले सारे लक्ष मधल्या उंबऱ्यावर असते. शिबिर भरते, यादी वाचली जाते, साधन हाती दिले जाते, छायाचित्र निघते आणि काम झाले असे सगळ्यांना वाटते. पुढे ते साधन वापरात आले की कपाटात गेले, याची विचारपूस करायला सहसा कोणी फिरकत नाही.

इतिहासातले एक उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. लुई ब्रेल याचा जन्म १८०९ साली फ्रान्समधील कूव्रे या खेड्यात झाला. बाप खोगीर-लगाम शिवणारा कारागीर. मूल तीन वर्षांचे असताना बापाच्या दुकानातले टोकदार हत्यार डोळ्यात गेले आणि पुढे दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. १८१९ साली तो पॅरिसच्या अंधशाळेत दाखल झाला. ही शाळा वालाँतँ आउय या थोर गृहस्थाने काढलेली होती. नेहमीचीच अक्षरे कागदावर उठावदार छापायची आणि ती मुलांनी बोटांनी चाचपायची, अशी तिथली पद्धत होती. तिच्यातला हेतू चांगला होता, परंतु ती डोळसांच्या सोयीने आखलेली होती. पुस्तके अवजड होत, वाचन अतिशय संथ होई आणि मुलाला स्वतःच्या हाताने काही लिहिता येणे जवळजवळ अशक्य असे.

शार्ल बार्बिए नावाच्या माणसाने उठावदार ठिपक्यांची एक लिपी तयार केली होती. ती या शाळेत आली. तिच्यात एका खुणेला बारापर्यंत ठिपके लागत, आणि एवढी मोठी खूण बोटाच्या एका टोकाखाली मावत नसे. लुई ब्रेलने ती घेतली, सहा ठिपक्यांवर आणली आणि १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, आपली लिपी सिद्ध केली. सहा ठिपक्यांच्या निरनिराळ्या मांडणीतून त्रेसष्ट खुणा होतात आणि प्रत्येक खूण एका स्पर्शात ओळखता येते. १८२९ साली त्याने ही पद्धत छापून प्रसिद्ध केली.

पुढे काय झाले? शाळेतल्या मुलांनी ती लिपी ताबडतोब उचलली, कारण आयुष्यात पहिल्यांदा त्यांना टिपण काढता येऊ लागले, पत्र लिहिता येऊ लागले आणि आपले लिहिलेले पुन्हा वाचता येऊ लागले. परंतु १८४० साली शाळेवर आलेल्या प्रमुखांनी तिच्यावर बंदी घातली. डोळसांना न वाचता येणारी लिपी अंधांनी वापरली तर ती समाजापासून तुटतील, असा युक्तिवाद त्या काळी केला जाई. मुलांनी ती गुपचूप चालू ठेवली. अखेर १८४४ साली शाळेच्या नव्या इमारतीच्या समारंभात तिचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि शाळेने अधिकृतपणे तिचा स्वीकार केला तो १८५४ साली, म्हणजे ब्रेलच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. लिपी सिद्ध झाल्यापासून हिशेब केला तर मधे तीस वर्षे गेली. ज्यांच्यासाठी साधन होते त्यांना त्याची किंमत पहिल्या दिवशी कळली आणि जे त्यांचे हितकर्ते होते त्यांना ती कळायला तीस वर्षे लागली. साधनाच्या निवडीत विद्यार्थ्याचे मत का घ्यायचे, असे कोणी विचारले तर हा इतिहास त्याच्यापुढे ठेवावा.

आपल्या देशात अंधांची पहिली शाळा १८८७ साली अमृतसरला निघाली. निरनिराळ्या प्रांतांत ब्रेलच्या निरनिराळ्या पद्धती चालू होत्या; एका प्रांतातले पुस्तक दुसऱ्या प्रांतातल्या मुलाला वाचता येत नसे. १९५१ साली सर्व भारतीय भाषांसाठी ‘भारती ब्रेल’ ही एकच पद्धत स्वीकारली गेली. तिच्यातली एक गंमत ऐका. देवनागरीत ‘कि’ लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो आणि क नंतर. भारती ब्रेलमध्ये आधी क आणि मग इकार, म्हणजे जसा उच्चार तसे लेखन. ब्रेलच्या पाटीवर मूल टोकदार कलमाने कागदाच्या पाठीमागून ठिपके उठवते, त्यामुळे त्याला उजवीकडून डावीकडे लिहावे लागते आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचावे लागते. गणितासाठी टेलरची पाटी असते. तिच्या अष्टकोनी भोकांत धातूचे खिळे निरनिराळ्या दिशांनी बसवून अंक मांडायचे, बेरीज-भागाकार करायचे. सहा-सात वर्षांची मुले ही विद्या आत्मसात करतात. त्यांच्या बुद्धीविषयी दया दाखवणाऱ्याने एकदा ती पाटी स्वतः हाती घेऊन भागाकार करून पाहावा.

आता पाटीच्या जोडीला गणकयंत्र आणि मोबाईल आले आहेत. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या प्रणालीला स्क्रीन रीडर म्हणतात. एके काळी ती इतकी महाग असे की सामान्य घराने तिचे नाव काढू नये. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली एनव्हीडीए नावाची प्रणाली तयार करायला घेतली, ती जगाला विनामूल्य दिली, आणि आज ती मराठीही वाचते. आवाज कोरडा आहे, यंत्राचा आहे. परंतु सवयीने मुले तो एवढ्या वेगाने ऐकतात की शेजारी बसलेल्या डोळस माणसाला त्यातले अक्षर कळत नाही. साध्या मोबाईलमध्येही पडदा वाचून दाखवण्याची सोय अगोदरच घालून ठेवलेली असते, ती फक्त चालू करावी लागते. किती घरांत तो मोबाईल आहे आणि त्याच घरातल्या कमी दिसणाऱ्या मुलाला ही सोय ठाऊक नाही, याचा विचार केला म्हणजे कळण्याचा उंबरा केवढा उंच आहे हे समजेल.

‘आता यंत्र वाचून दाखवते, मग ब्रेल शिकण्याचा खटाटोप कशाला?’ असे विचारणारे काही लोक भेटतात. यावर माझे उत्तर असे की, ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे. ‘दिन’ आणि ‘दीन’ हे दोन शब्द कानाला सारखेच लागतात. त्यांतला ऱ्हस्वदीर्घाचा भेद बोटांना किंवा डोळ्यांनाच कळतो. केवळ ऐकून वाढलेल्या मुलाला भाषा येते पण लेखन येत नाही. म्हणून जुने साधन आणि नवे साधन यांची सवत-सवतीसारखी भांडणे लावू नयेत. कथा-कादंबरी कानांनी ऐकावी. शुद्धलेखन आणि गणित बोटांनी शिकावे. कोणत्या कामाला कोणते साधन घ्यायचे हा विवेक मुलाला शिकवणे, हेच खरे साधनशिक्षण होय.

कर्णबधिर मुलाची गोष्ट निराळी आहे. श्रवणयंत्र लावले की मुलाला आपल्यासारखे ऐकू येते, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः श्रवणयंत्र आवाज मोठा करते, आणि शिक्षकांच्या आवाजाबरोबर पंख्याची घरघर, बाके सरकल्याचा आवाज आणि बाहेरच्या रस्त्यावरचे भोंगेही मोठे करते. शिक्षक जितके दूर, तितके त्यांचे शब्द या गोंगाटात बुडतात. यासाठी शिक्षकांच्या गळ्याशी लहानसा मायक्रोफोन लावून त्यांचा आवाज बिनतारी पद्धतीने थेट यंत्रात पोहोचवण्याची युक्ती निघाली आहे. ती नसली तरी काही गोष्टी विनाखर्च होतात. मुलाला पुढे बसवावे, शिक्षकांनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये, एका वेळी एकानेच बोलावे. परंतु हे शिक्षकांना सांगणार कोण? ज्या मुलाला आपल्या यंत्राची मर्यादा माहीत आहे, तेच ‘सर, माझ्याकडे तोंड करून बोला’ असे म्हणू शकेल. ज्याला ती माहीत नाही, ते मूल न ऐकू आल्याचा दोष स्वतःकडे घेते आणि गप्प बसते. यंत्रातला सेल संपला तर तो कसा बदलावा, घामाने यंत्र बिघडू नये म्हणून काय करावे, कान वाढला की कानातला साचा सैल होतो आणि शिटी वाजू लागते, तेव्हा कोणाकडे जावे, हे आठ वर्षांच्या मुलाला शिकवता येते. ते शिकवले नाही तर एका सेलवाचून महागडे यंत्र डबीत पडून राहते आणि मूल पुन्हा शांततेत जाऊन बसते.

आता तिसऱ्या उंबऱ्याकडे वळू. अमेरिकेत फिलिप्स आणि झाओ या दोन संशोधकांनी १९९३ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. २२७ प्रौढ अपंग व्यक्तींना त्यांनी मिळालेल्या साधनांविषयी विचारले, तेव्हा शेकडा २९ साधने पूर्णपणे टाकून दिलेली आढळली. टाकून देण्याशी ज्या कारणांचा संबंध दिसला त्यांत साधन नीट न चालणे आणि गरज बदलणे ही तर होतीच, परंतु निवड करताना वापरणाऱ्याचे मत विचारात न घेणे हेही होते, आणि साधन फार सहज मिळणे हेही होते. पाहणी प्रौढांची आहे, परदेशातली आहे, हे मी विसरत नाही. परंतु न विचारता दिलेली वस्तू टिकत नाही, हा अनुभव काही परदेशाचा नाही. मापाने न घेतलेली चाकांची खुर्ची, घरातला रस्ता न पाहता दिलेली कुबडी, मुलाला शिकवल्यावाचून दिलेले यंत्र, यांचे पुढे काय होते ते आपल्याला ठाऊक आहे.

मुलांच्या बाबतीत आणखी एक कारण असते, ते म्हणजे लाज. बारा-तेरा वर्षांच्या वयात चारचौघांसारखे दिसण्याची ओढ फार प्रबळ असते. त्यामुळे ज्याची अडचण बाहेरून दिसत नाही ते मूल तर साधनाला हातच लावायला तयार नसते. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाचे डोळे चांगले, कान चांगले, बोलणे चुणचुणीत. फक्त छापील अक्षरांची ओळख त्याला पटता पटत नाही. २००७ सालच्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटाने अशा मुलाची ओळख घरोघर करून दिली. या मुलाला मजकूर ऐकवणारे आणि वाचला जाणारा शब्द पडद्यावर ठळक करून दाखवणारे साधन दिले तर त्याचे निम्मे ओझे उतरते. परंतु ते साधन वर्गात उघडले की मागच्या बाकावरून आवाज येतो, ‘याला बरे सगळे आयते मिळते!’

या आक्षेपाला गंभीरपणे उत्तर दिले पाहिजे, कारण तो केवळ मुलांचा नाही. काही शिक्षकांचा आणि पालकांचाही आहे. साधन वापरणे ही लबाडी आहे काय? माझ्या मते याचा निर्णय एका प्रश्नाने होतो. आपण परीक्षा कशाची घेत आहोत? इतिहासाच्या तासाला आपल्याला मुलाचे इतिहासाचे ज्ञान पाहायचे आहे. तिथे प्रश्न त्याने डोळ्यांनी वाचला की कानांनी ऐकला, याला महत्त्व नाही. परंतु वाचनाचीच परीक्षा असेल तर वाचून दाखवणारे यंत्र चालणार नाही, हे मलाही मान्य आहे. तसेच साधन मिळाले म्हणून मुलाला वाचन शिकवणेच सोडून द्यावे, असेही मी म्हणत नाही. चष्म्याने अक्षर स्पष्ट दिसते. धडा त्या मुलालाच वाचावा लागतो. साहाय्यक साधन अडथळा दूर करते, अभ्यास करीत नाही. एवढा फरक शिक्षकांनी वर्षारंभीच सगळ्या वर्गाला समजावून सांगितला तर मागच्या बाकावरचा आवाज बराच कमी होईल. साधनांची माहिती केवळ दिव्यांग विद्यार्थ्यांना देऊन भागत नाही, ती सर्व विद्यार्थ्यांना द्यावी लागते, याचे कारण हेच.

आता माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. आपल्या भाषेत ‘आंधळ्याची काठी’ असा शब्दप्रयोग आहे. तो आपण माणसाविषयी वापरतो. म्हातारपणी आईबापांना सांभाळणारा मुलगा हा आंधळ्याची काठी. या शब्दातली माया मला कळते. परंतु खरी काठी आणि माणसाची काठी यांत एक अंतर आहे. खरी काठी हाती असली की चालणारा आपल्याला हवे तेव्हा, हवे तिकडे जातो. माणसाची काठी तिला सवड असेल तेव्हा, तिला योग्य वाटेल तिकडे नेते. आपण समाज म्हणून दिव्यांग मुलांच्या काठ्या व्हायला मोठ्या हौसेने तयार असतो. पण त्यांच्या हाती काठी द्यायला मात्र का-कू करतो.

परीक्षेतल्या लेखनिकाचे उदाहरण घ्या. मुले त्याला रायटरच म्हणतात. विद्यार्थ्याने सांगायचे आणि त्याने लिहायचे. ही सोय आवश्यक आहे, कित्येकांची शिक्षणे तिच्यामुळे पुरी झाली आहेत, आणि लेखनिक म्हणून बसणाऱ्या मुलामुलींचे उपकार मोठे आहेत. परंतु समजा, दहावीतली एखादी अंध मुलगी आहे. तिचे उत्तर तिच्या डोक्यात तयार आहे. लेखनिकाला ‘समद्विभुज’ लिहिता येत नाही, तो परिच्छेद पाडत नाही, लिहिलेले परत वाचून दाखवायला वेळ पुरत नाही. निकाल लागतो तेव्हा गुण दोघांचे मिळून असतात आणि त्यात तिचे किती, हे तिलाही सांगता येत नाही. तीच मुलगी कळफलकावर स्वतः लिहू शकली तर तिची चूकही तिची असेल आणि तिचे यशही तिचे असेल. आपली चूक आपल्या मालकीची असणे, हा स्वातंत्र्याचा फार मोठा भाग आहे.

कायद्याने ही वाट मोकळी केलेली आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात एकवीस प्रकारची अपंगत्वे मानली आहेत आणि अध्ययन अक्षमतेचा त्यात समावेश आहे. ज्यांचे अपंगत्व शेकडा चाळीस किंवा त्याहून अधिक असल्याचे प्रमाणित झाले आहे, अशा विद्यार्थ्यांना वयाच्या अठरा वर्षांपर्यंत पुस्तके आणि योग्य ती साहाय्यक साधने विनामूल्य देण्याचे कर्तव्य त्यात शासनावर घातले आहे. लेखी परीक्षांविषयी केंद्र शासनाने २०१८ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत उत्तरे ब्रेलमध्ये, गणकयंत्रावर, मोठ्या टाइपात किंवा ध्वनिमुद्रित करून देण्याचा पर्याय उमेदवाराला असावा, असे म्हटले. टेलरची पाटी, ब्रेल पाटी, मणिचौकट यांसारखी साधने वापरू देण्यासही सांगितले. पुस्तकांच्या बाबतीत २०१२ साली आपला कॉपीराइट कायदा बदलला आणि वाचता न येणाऱ्यांसाठी पुस्तकाचे ब्रेल किंवा श्राव्य रूपांतर करण्याची मुभा मिळाली. याच हेतूने झालेल्या माराकेश कराराला २०१४ साली संमती देणारे पहिले राष्ट्र भारत होते. २०१६ साली ‘सुगम्य पुस्तकालय’ हे अशा पुस्तकांचे ग्रंथालयही सुरू झाले.

हक्क आहे, पण हक्क वापरायला सवय लागते. दहावीच्या फेब्रुवारीत ‘तू कळफलकावर पेपर लिहिशील का?’ असे विचारले तर मुलगी नाहीच म्हणणार, आणि मग आपण म्हणणार की, पर्याय दिला होता, तिनेच घेतला नाही. ही सवय पाचवी-सहावीपासून लागली पाहिजे. घटक चाचणी त्याच साधनावर, गृहपाठ त्याच साधनावर, असे चार वर्षे झाले म्हणजे परीक्षेच्या दिवशी साधन हातात आहे हेही तिला आठवत नाही.

या कामात आपण नागरिकांनी काय करावे? मोठ्या देणग्यांची मी गोष्ट करीत नाही. पहिली गोष्ट लिखाणाची. आपल्याकडे अजून पुष्कळ मराठी मजकूर जुन्या टंकांत जुळवला जातो. तो दिसायला देवनागरी असतो, पण यंत्राच्या पोटात ती रोमन अक्षरेच असतात आणि स्क्रीन रीडर त्यांतून अर्थहीन बडबड वाचतो. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालीच स्थान मिळाले आहे. शाळेची सूचना, शिकवणीची टिपणे, वाचनालयाची यादी युनिकोडमध्ये टंकलिखित केली तर ती अंध मुलाला त्याच क्षणी वाचता येते, आणि यासाठी एक पैसा लागत नाही. फळ्याचे किंवा वहीच्या पानाचे छायाचित्र मोबाईलवर पाठवले जाते, त्याच्या जोडीला चार ओळी टंकलिखित कराव्यात.

दुसरी गोष्ट शाळेची. वर्गात मोबाईल नको, हा नियम चांगला आहे. परंतु ज्याचा मोबाईल हाच डोळा आहे त्याला तो नियम लावू नये. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षक असतील तर त्यांना शाळेत बोलावून सर्व मुलांपुढे साधनांची ओळख करून द्यावी. ब्रेलची पाटी सगळ्यांच्या हातातून फिरू द्यावी. तिसरी गोष्ट पालकांची. घरी मुलासाठी काय काय करतो याची यादी आपण अभिमानाने सांगतो. तिच्या शेजारी दुसरी यादी ठेवावी: या वर्षी मुलाला आपल्यावाचून काय काय करता येऊ लागले? ही दुसरी यादी वाढत नसेल तर पहिली यादी लांबल्याचा आनंद मानू नये.

शेवटी, हे सर्व थोड्यांसाठी आहे, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी दोन शब्द. इटलीतल्या पेल्लेग्रिनो तुर्री या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या अंध मैत्रिणीला स्वतः पत्रे लिहिता यावीत म्हणून एक लेखनयंत्र बनवले. त्यावर लिहिलेली १८०८ सालची पत्रे आजही जपून ठेवलेली आहेत. टंकलेखन यंत्राच्या वंशावळीत त्या यंत्राचे नाव पहिल्या काही पूर्वजांत घेतले जाते. एडिसनने १८७८ साली फोनोग्राफचे उपयोग सांगताना अंधांसाठी बोलक्या पुस्तकांचा उल्लेख केला होता. आज डोळस माणसे प्रवासात पुस्तके ऐकतात. कडेला बसलेल्या मुलासाठी जे दार आपण उघडतो, त्यातून पुढे सगळा समाज ये-जा करतो.

परंतु तसे नसते तरी मी हेच म्हणालो असतो. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील. आपल्या गावातल्या एखाद्या वर्गात एखादी मुलगी दप्तरातून आपले साधन काढावे की नाही, या विचारात बसलेली असेल. ती शेजारणीकडे बघेल, बाईंकडे बघेल आणि मग ठरवील. तिचा तो निर्णय तिच्या एकटीचा नाही. वर्ग तिच्याकडे कसा बघतो यावर तो ठरणार आहे, आणि वर्ग कसा बघेल ते आपल्या घरांतल्या बोलण्यावर ठरणार आहे. तेवढे बोलणे आज रात्री घरी गेल्यावर आपण करावे, एवढीच माझी विनंती.